पटांगणातल्या दोनशे त्रेचाळीस काळ्या फरश्या

महाल, नागपूर
रविवार, १८ नोव्हेंबर १९७३

तीर्थस्वरूप धोंडबामामा यांना विश्वनाथचा सविनय जय भीम.

इकडे आम्ही धडधाकट आहोत. कौसल्येचा खोकला गेला, माझी नोकरी अजून गेलेली नाही. तुमचा गुडघा कसा आहे? (सुभद्रामामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार म्हणून विचारतो: मामा तेल खरंच लावतात, की लावलं म्हणून सांगतात?) माझ्याबद्दल उलटसुलट काही तिकडे खाप्यापर्यंत पोचण्याआधी खरं ते माझ्याच अक्षरात पोचावं, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. भाच्याचं डोकं ठिकाणावर आहे. त्याने शाळेच्या पटांगणात फरश्या बसवून घेतल्या, एवढंच.

झालं असं, की आमच्या प्रार्थनेच्या जागी पावसाळाभर चिखल असतो. यंदा एका जुन्या विद्यार्थ्याने सिमेंटच्या काळ्या-पांढऱ्या फरश्या गाडीभर पाठवल्या, आणि नेमके तेव्हाच आमचे हेडमास्तर मनोहरराव मुलीच्या लग्नासाठी दहा दिवस अमरावतीला निघाले. जाताना मला म्हणाले, "एक काळी, एक पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारखं बसवून घ्या. गणिताचे मास्तर आहात, एवढं तर जमेल?" मामा, ते शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर मी पटच बसवला असता. त्या आठवड्यात मी अकरावीला द्विपद प्रमेय शिकवत होतो आणि पोरं त्यातले आकडे मंत्रासारखे घोकत होती. ते आकडे कुठून येतात हे त्यांना फळ्यावर चारदा दाखवलं होतं, पण फळा तास संपला की पुसला जातो. फरशी पुसून जात नाही.

आता हे आकडे काय, ते सांगतो. (मामी, इथे सावकाश वाचा.) सगळ्यात वर एक लिहायचा. खाली दोन एक. मग प्रत्येक ओळ एका घराने वाढवायची, दोन्ही टोकांना एक, आणि मधल्या प्रत्येक जागी डोक्यावरच्या दोन आकड्यांची बेरीज. एक-दोन-एक. एक-तीन-तीन-एक. याला पुस्तकात पास्कलचा त्रिकोण म्हणतात, आपल्याकडे त्याहून जुनं नाव मेरुप्रस्तार. मी ठरवलं, विषम आकड्याला काळी फरशी, समला पांढरी, आणि बत्तीस ओळी.

कामाला गवंडी होते सक्करदऱ्याचे मारोतराव. चाळीस वर्षं फरशी लावताहेत, शाळेची पायरी कधी चढले नाहीत. मी स्टुलावर बसून बेरजा करायचो आणि "काळी", "पांढरी" ओरडायचो. विसाव्या ओळीत मधला आकडा ब्याण्णव हजारांच्या पुढे गेला आणि मी घामाघूम झालो. मारोतरावांनी विडी संपवली, दुसरीही संपवली. मग मला न विचारता एकविसावी ओळ लावायला घेतली. मी ओरडलो. ते मान वर न करता म्हणाले, "मास्तर, काहून आकडे मोडून राहिले? वरच्या दोन्ही एका रंगाच्या असल्या का खाली पांढरी, येगळ्या असल्या का काळी. टोकाले काळीच. चुकलं का माह्यं?"

चुकलं नव्हतं. दोन सम मिळून सम, दोन विषम मिळूनही सम, एक सम एक विषम मिळून विषम. गणिताच्या मास्तराला सुचायला हवं होतं ते गवंड्याने गुडघ्यावर बसून काढलं. मी वही मिटली. (शेवटच्या ओळीच्या मध्यात तीस कोटींच्या वरचा आकडा येतो. मी संक्रांतीपर्यंत बसलो असतो.) काम संपलं तेव्हा आम्ही दोघं शाळेच्या गच्चीवर गेलो. मोठ्या त्रिकोणात तीन त्रिकोण, त्या प्रत्येकात तीन, मधे उलटी पांढरी शिडं, आणि दुसरी, चौथी, आठवी, सोळावी, बत्तिसावी ओळ सरसकट काळी. मी म्हणालो, काळ्या मोजा, दोनशे त्रेचाळीस भरतील. ओळी दुप्पट झाल्या की काळ्या तिप्पट होतात, एकापासून पाच वेळा. मारोतरावांनी दोनदा मोजल्या. मग टोपी काढून नुसते बघत राहिले.

मनोहरराव परतले आणि फाटकातच थांबले. म्हणाले, ही शाळा आहे की जादूटोण्याचा अड्डा? दुसऱ्या दिवशी काही आईबाप पोरांना कडेकडेने नेऊ लागले. व्यवस्थापक मंडळाची बैठक पटांगणातच भरली. मंडळाचे म्हातारे सभासद नानाजी यांनी विचारलं, हे कोणतं यंत्र? मी म्हणालो, बेरजेचं. आणि त्यांच्या हातात खडू दिला. नानाजी वाकून, मोठ्याने बेरीज करत एकेका फरशीवर आकडा मांडू लागले. मी आधीच सांगितलं, प्रत्येक ओळीची बेरीज वरच्या ओळीच्या दुप्पट येणार. नवव्या ओळीला दोनशे छप्पन यायला हवे होते, आले दोनशे सेहेचाळीस. मनोहरराव हसले. तेव्हा बैठक बघायला आलेले मारोतराव लांबूनच म्हणाले, "बुढाजी, पस्तीस आन् पस्तीस साठ नाही होत, सत्तर होतात." नानाजींनी धोतराच्या सोग्याने साठ पुसले, सत्तर लिहिले, आणि थेट सोळाव्या ओळीपर्यंत गेले. चहा थंड झाला तरी उठेनात.

पण मंडळात नानाजींचं मत एकच. ठराव झाला: मास्तराने हुकूम मोडला, त्याने लेखी माफी मागावी, फरशी उखडावी. हुकूम मी मोडला, हे मी तिथेच उभं राहून कबूल केलं, तसं लिहूनही दिलं. माफी मात्र मागितली नाही. मनोहरराव म्हणाले, तुमच्यासारख्यांना ठेवून घेतलं हीच आमची चूक. 'तुमच्यासारख्यांना' म्हणजे कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, की हे आकडे बेरीज करणाऱ्याचं आडनाव विचारत नाहीत, म्हणून मी त्यांच्या बाजूला आहे. मारोतरावांनाही उखडायचं काम सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बुद्धिबळाचा पट लावाले डोकं लागत नाही. हे लावाले मले डोकं लागलं. मी नाही हात लावत." आणि सायकल घेऊन निघून गेले.

तर मामा, नोकरी जाईल किंवा राहील. कौसल्या म्हणते, माफी लिहिलीत तर जेवायला वाढणार नाही. परवा अकरावीची पोरं सुट्टीत त्या फरशीवर उभी राहून आपसात भांडत होती, तेहतिसाव्या ओळीत काळ्या किती येतील म्हणून. अकरा वर्षांत माझ्या विषयावरून पोरं पहिल्यांदा भांडली. ते भांडण मी कोणाला उखडू देणार नाही.

मामींना जय भीम. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा भाचा,
विश्वनाथ

ता. क. मनोहररावांनी फरशी उखडायला बाहेरगावचा मिस्त्री ठरवलाय, येत्या रविवारचा. काल नाव कळलं: खाप्याचे धोंडबा मिस्त्री. तुम्ही माझे मामा, हे त्यांना ठाऊक नाही. मीही सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. त्यांना शब्द दिलाय म्हणत असाल, तर या जरूर. पण उखडायची सब्बल घरी ठेवा, फरशी बसवायची करणी आणा. तेहतिसाव्या ओळीला काळ्या दोनच लागतात, टोकांच्या, त्या माझ्याकडे आहेत. येताना पांढऱ्या एकतीस तेवढ्या घेऊन या.