गाळलेला एक शब्द

मीरा रोड,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. रसिका,
अनेक आशीर्वाद. ऑकलंडला आता उन्हाळा लागत असेल. इथे माझे गुडघे कुरकुरतायत, बाकी ठीक. परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, आवाज असा का?" मी सर्दीवर ढकललं. सर्दी-बिर्दी काही नाही गं. तोंडाने सांगवेना, म्हणून लिहून फोटो पाठवतेय.

मंगळवारी पोलिसांनी आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका फ्लॅटवर धाड घातली. 'तसला' धंदा चालायचा तिथे. अशा धाडीला वस्तीतली प्रतिष्ठित बाई पंच म्हणून लागते म्हणे. इन्स्पेक्टर मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही रिटायर्ड शिक्षिका, तुम्हीच चला." मी एवढी फुगले की नारायणपेठी नेसून गेले. धाडीला! हसू नकोस.

आत तीन बायका होत्या. मला वाटलं, आता यांना बेड्या. तर मॅडम म्हणाल्या, "यांच्यावर गुन्हा नाही. गुन्हा अड्डा चालवणाऱ्यावर. यांची आपण सुटका करतोय." पंचनाम्यातही तेच लिहिलं. त्यातल्या एकीने मला विचारलं, "सुटका म्हणजे मी आता घरी जाऊ ना?" मी, पस्तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, म्हणाले, "अगं, सुटका म्हणजे सुटकाच." आणि सही ठोकली.

तिला सुधारगृहात नेलं. बाहेरून कुलूप! चौतीस वर्षांची बाई, पण चौकशी होऊन घरचं कुणी ताबा घ्यायला उभं राहीपर्यंत सोडत नाहीत. एका वकिलाला विचारलं तर म्हणाला, वर्षभर, तीन वर्षंसुद्धा ठेवू शकतात. मी हबकलेच. गुन्हा नाही आणि कुलूप आहे, हे कसलं गं मराठी?

तू मागे सांगत होतीस, तुमच्या गल्लीत असलं घर रीतसर चालतं, आणि तिकडे तसल्याच घरातल्या एका बाईने छळणाऱ्या मालकाला कोर्टात खेचून जिंकलं. मी "शी!" म्हणून फोन ठेवला होता. तू स्वीडनचंही सांगितलं होतंस, तिथे म्हणे गिऱ्हाईकाला धरतात, बाईला नाही. तेव्हा सगळं थोतांड वाटलं. आता चार दिवस डोकं भणभणतंय. बाई तीच, नुसता देश बदलला की तिचं सगळं बदलतं?

रसिका, वर लिहिताना मी एक शब्द गाळला.

ती म्हणाली होती, "आत्या, सुटका म्हणजे मी आता घरी जाऊ ना?"

आपली समिधा गं. आपल्या दादाची. मॅडमनी वळून विचारलं, "ओळखता का?" मी म्हणाले, "नाही." समिधाने मान खाली घातली. नवऱ्याने टाकल्यावर ती बॅग घेऊन माझ्याच दारात आली होती. जागा लहान आहे, म्हणाले. आतली खोली तेव्हाही रिकामीच होती. मला माझीच किळस येतेय.

येत्या शुक्रवारी मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी आहे. मी जाणार. पंच म्हणून खोटं बोलले, ही माझी भाची आहे, हिचं घर माझ्याकडे आहे, असं सांगणार. पुढे तिने काय करायचं ते तिचं ती ठरवेल. सोसायटीने तोंडं वाकडी केली तर करू देत. माझं काय व्हायचं ते होवो.

तूही मॅजिस्ट्रेटना दाखवायला तिच्यासाठी चार ओळी लिहून दे. आणि 'ताबा' नको लिहूस, 'घर' लिही.

समिधाची आत्या,
अनसूया