फार सालस माती

ता. ४ जून
चि. मातीवाल्या भाचीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा धाकटा मामा अचानक दानशूर झालाय. नटबोल्टांना कॅडमियमचा मुलामा देण्याचा त्याचा कारखाना बंद पडला; आता त्यामागचं आवार आमच्या लेकीला, म्हणजे तुझ्या ताईला, पाळणाघरासाठी फुकट देतोय. पाहुण्यांना चहा पाजला तरी साखरेचा डबा लपवणारा माणूस! ‘अतिविनयो धूर्तलक्षणम्’ हे आयुष्यभर वर्गात शिकवलं, घरी वापरायची वेळ आता आली. पोरं त्या मातीत लोळणार, म्हणून थोडी तपासायला पाठवतोय. माझ्या कमरेचा असहकार चालू असल्याने त्यानेच खणून दिली, तीही हसतमुखाने. मला त्या हसण्याचाच संशय आला.

लोभ तुझ्या प्रयोगशाळेतून उरला तर इकडेही असू दे.
तुझा मामा

ता. १९ जून
ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

मातीत कॅडमियम जवळजवळ नाही. पण उडी मारू नका, कंबर सांभाळा. तिच्यातले जीवाणू वाढवून त्यांना कॅडमियमचा अगदी पातळ डोस दिला, तर जवळपास सगळे मेले. अशा कारखान्यामागचे जीवाणू इतके नाजूक नसतात. आत शिरलेलं विष ते पंपाने उपसावं तसं बाहेर फेकतात, आणि ती युक्ती शेजाऱ्यांनाही देतात. ही माती फार सालस आहे. तिने कारखाना पाहिलेलाच नाही. दुसरी पाठवा, आणि खणताना समोर उभे राहा.

मामींना नमस्कार.
तुमची भाची

ता. २४ जून
चि. भाचीस, आशीर्वाद.

माळ्याला घेऊन गेलो. धाकटा फाटकात आडवा. सख्ख्या भावावर विश्वास नाही का, असं विचारू लागला. भावावर आहे, मातीवर नाही, असं सांगून आत शिरलो. सोबत पुडी.
मामा

ता. ९ जुलै
ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

पहिले ज्या डोसाने मेले, त्याच्या कितीतरी पट डोसात हे जीवाणू सुखाने नांदताहेत. मातीत धातूही भरपूर आहे. ताईला लगेच सांगा.
तुमची भाची

ता. १३ जुलै
चि. भाचीस, आशीर्वाद.

पहिली माती त्याच्या गच्चीवरच्या कुंडीतली होती, असं धाकट्याने कबूल केलं. आवाराला गिऱ्हाईक नाही; तिथे पोरं खेळताना दिसली की येईल, म्हणून दान! वर युक्तिवाद असा, की जंतूंना सवय होते तर पोरांनाही होईल. ताईला जागेची इतकी निकड आहे की ती मान डोलावू लागलीय. काहीतरी लिही.
मामा

ता. १८ जुलै
ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

एवढंच ताईला वाचून दाखवा. सवय कुणालाच झाली नाही. विष आलं तेव्हा बहुतेक मेले. ज्यांच्याजवळ योगायोगाने पंप होता ते उरले, आणि आज दिसते ती त्यांची प्रजा. मेलेल्यांची हजेरी कुणी घेतली नव्हती. पाळणाघरात मात्र रोज हजेरी होईल.
तुमची भाची

ता. २३ जुलै
चि. भाचीस, आशीर्वाद.

हजेरीच्या वाक्यावर ताई उठली आणि आवाराची किल्ली धाकट्याच्या हातात ठेवून आली. त्याने ती निमूट घेतली. त्याचं निमूटपण मला कधीच मानवलेलं नाही. आत्ता खिडकीतून पाहतोय, तर समोर कारखान्याच्या फाटकापाशी एक अनोळखी जोडपं, कडेवर मूल, आणि धाकटा हसतमुख. चपला घालतो. बाकीचं आल्यावर.
मामा