राहिलेलं अंगण

माजुरो, १२ मार्च १९९७

प्रिय नेइमात,

योक्वे, वि. वि. आम्ही सगळे खुशाल. डोक्यावर आता एवढेच केस राहिलेत की कंगव्याला लाज वाटते, तेव्हा भेटलीस की त्यावर बोलू नये.

बातमी मोठी आहे. आपल्या रोंगेलाप बेटाच्या सफाईचा आराखडा ठरतोय. गावठाणातली वीतभर माती खरवडून दूर नेणार, तिथे पोवळ्याची पांढरी खडी पसरणार आणि माडांना खत घालणार, म्हणजे अणुबाँबच्या चाचणीचं विष नारळात चढणार नाही. दुसऱ्यांदा बेट सोडून मेजात्तोवर बारा वर्षं उपऱ्यासारखी काढलीत, ती संपतील. आपल्यात जमीन आईकडून लेकीकडे जाते; आत्याची तुझ्याकडे आलेली, म्हणून संमती तुझीच लागते. मामेभावाला कोण विचारतो? सोबतच्या कागदावर सही करून त्याच बोटीनं पाठव. माडखेकडे मात्र अजून बेतानंच खायचे म्हणतात. ते ऐकून मी जेवण सोडलं, असं बायको सांगत फिरते. विश्वास ठेवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा जोर्बन

मेजात्तो, ४ मे

प्रिय जोर्बन,

योक्वे, वि. वि. कागद मिळाला. सही केलेली नाही, करणारही नाही.

वरच लिहिलंय, ‘घाणेरड्या जमिनीची साफसफाई’. कुणाची जमीन घाणेरडी? अंगणात एक पान पडलं तरी माझी आई जेवणावरून उठायची. तू स्वतः तिथे लोळून वाढलास. पाद्रीबाबा माझी समजूत घालायला आले होते. त्यांना भाजलेला नीरफणस पोटभर खाऊ घातला आणि वाटेला लावलं. घाणच पाहायची असेल तर त्या लोकांनी तुझ्या बायकोचं परसदार पाहावं, मासळीचे रिकामे डबे अजून तिथेच पडले असतील.

गेल्या बोटीनं खारवलेले मासे पाठवले होते, त्यांची पोच नाही. रागावले आहे, पण म्हणून लोभ कमी करू नये.

नेइमात

माजुरो, २२ जून

प्रिय नेइमात,

योक्वे, वि. वि. मासे पोचले आणि संपलेही. तुझं पत्र बायकोनंच आधी फोडलं. डबे उचलले गेले, मला मात्र दोन दिवस गार जेवण मिळालं.

खरं सांगतो, त्या इंग्रजी कागदाचं भाषांतर माझंच. हे विष दिसत नाही, त्याला वास नाही, ते झाडून जात नाही. आपल्या भाषेत त्याला शब्दच सापडेना, म्हणून ‘घाण’ लिहून मी मोकळा झालो. आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायला हवा होता. पण ऑगस्टअखेर आराखडा पक्का होतोय. सही नसेल तर आपला तुकडा तसाच सोडतील आणि तिथे घर बांधू देणार नाहीत. आपल्याच बेटावर दुसऱ्याच्या अंगणात पाहुणे म्हणून राहायचं का? शब्द तू सांग, मी खोडून लिहितो.

राग ओसरेल तेवढा ओसरू दे, लोभ असू दे.

जोर्बन

मेजात्तो, २८ जुलै

प्रिय जोर्बन,

योक्वे, वि. वि. चोपन्न साली बाँबची ती पांढरी राख पडली तेव्हा तू मामाबरोबर माजुरोला होतास, म्हणून तुला ठाऊक नाही. आम्ही पोरं राखेत खेळलो. आईनं खराटा उचलला. अंधार पडेपर्यंत झाडत होती, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हात पोळले, तरी थांबली नाही. आम्हाला न्यायला जहाज आलं तेव्हा खराटा नीरफणसाला टेकवून म्हणाली की राहिलेलं आल्यावर झाडीन. तीन वर्षांनी आम्ही परतलो, आणि घशातल्या गाठीनं अंथरुणाला खिळेपर्यंत ती झाडतच राहिली. ज्या अंगणापायी ती गेली, त्याला घाणेरडं म्हटलेलं मला सोसलं नाही.

झाडून जाणारं नव्हतं ते, हे कळतं मला. वेडी नाही मी. तेव्हा तुझे ते शब्द खोड आणि लिही, ‘राहिलेलं झाडणं’. शब्द आईचा आहे, सही मी केली आहे. माती त्यांच्या यंत्रांनी न्यावी, खडी मात्र आम्ही बायका पसरू, पूर्वी अंगणात पसरायचो तशी.

तुझ्या बायकोला योक्वे सांग, डब्यांचं मनावर घेऊ नको म्हणावं. लोभ होता तसाच आहे.

नेइमात

ता. क. हिरांचे दोन खराटे बांधून ठेवलेत. एक तुझा.