पेशंट माझ्याकडे

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी रस्त्यावर, खाट करकरत नाही, पंख्याचं बटण दाबलं की पंखाच लागतो. आयुष्यात याहून फार वाईट जागी झोपलोय, त्यामुळे इथं मला पाहुणा म्हणून आल्यासारखंच वाटतंय.

गॅरेजात फडकं मारण्यापासून सुरुवात केली. मग मेकॅनिक, मग ड्रायव्हर, आणि आता स्वतःच्या दोन ॲम्ब्युलन्स. एवढं होईपर्यंत कोणी सर्टिफिकेट विचारलं नाही. आता पन्नाशी आली तेव्हा वरच्यांना आठवलं, की गाडीत मागे बसणारा माणूस इमर्जन्सी टेक्निशियनची परीक्षा पास झालेला पाहिजे. बरं, बसतो परीक्षेला. लेकही बसणार आहे. तिचा अभ्यास घरी, माझा इथं, आणि रोज फोनवर एकमेकांची उजळणी. दोघं पास झालो की गाडीच्या दारावर 'बाप-लेक' असं रंगवून घ्यायचं ठरलंय. बायको म्हणते, लेक पास होईल, तुम्ही गाडी धुवा.

घरमालकीण निवृत्त नर्स. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते, म्हणून मीही. बोलायला गोड, पण हाताची बोटं संधिवाताने पार वाकडी झालेली. भाड्यातच शिकवणी. निकाल कसा लागतो विचारलं तर हसून म्हणाली, की इथून नापास होऊन कोणी परत गेलेलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी लेक येईल, तिच्यासाठी एक खाट टाकाल का म्हटलं, तर बाईचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली, मुलींचे हात हलके असतात.

खालून एक आवाज येतोय. फुस्स. थोडं थांबून पुन्हा फुस्स. पाण्याच्या पंपाचा व्हॉल्व्ह गळत असणार. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस मी, असलं काही ऐकलं की हात शिवशिवतात. उद्या बघून देतो.

४ तारीख, मंगळवार

पंप नाही. फजिती झाली.

मागच्या खोलीत दुसरा भाडेकरू असतो. हाडकुळा, जाड चष्मा, पुस्तक तोंडपाठ. मी त्याचं नाव मास्तर ठेवून टाकलं. खाटेवर सरावाचा पुतळा, गळ्यापर्यंत चादर, तोंडावर मास्क, आणि मास्तर त्याला अंबू देत बसलेला. अंबू म्हणजे रबरी फुगा. आपण दाबायचा, की पेशंटच्या छातीत हवा जाते. सोडला की पुन्हा फुगतो. तोच तो आवाज. मी म्हटलं, मास्तर, पुतळ्याला तरी जरा सुट्टी द्या. तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

आजचा धडा मदत मागायचा. पेशंट दिसला की आधी घसा फोडून ओरडायचं: मदत! कोणीतरी या! ॲम्ब्युलन्स बोलवा! परीक्षकाला तुमच्या मनातलं ऐकू येत नाही, जे कराल ते तोंडाने बोला, असं सिस्टर सारखं बजावते. मी बैठकीतल्या उशीकडे बघून ओरडलो. समोरचा लाँड्रीवाला दुकानातूनच ओरडला, की आलो आलो, तोवर पेशंटला चहा पाजा! गल्लीला वर्षानुवर्षांची सवय आहे म्हणे. मी म्हटलं, ॲम्ब्युलन्सवाल्यानेच ॲम्ब्युलन्स बोलवायची, हा कसला धंदा.

७ तारीख, शुक्रवार

हे दोन दिवस फक्त पेशंट ताब्यात घेण्याचा सराव. ज्याच्या हातात पेशंट आहे त्याने विचारायचं, पेशंट कोणाकडे? घेणाऱ्याने हात लावून स्पष्ट म्हणायचं, पेशंट माझ्याकडे. हे ऐकल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. आणि आपल्याइतकं शिकलेला माणूस असेल त्यालाच द्यायचा, येरागबाळ्याला नाही. नियम चांगला आहे. गाडीत मी स्वतः पाहिलंय, हा समजतो त्याने धरलंय, तो समजतो याने, आणि मधल्या मध्ये पेशंट जातो.

सिस्टरने हे माझ्या अंगात इतकं भिनवलंय, की विचारू नका. चहाचा कप देताना विचारते, पेशंट कोणाकडे? उत्तर दिल्याशिवाय कप सोडत नाही. टॉवेल, किल्ली, पेपर, सगळ्याला तेच. फोनवर लेकीबरोबरही हाच खेळ. माझं 'पेशंट को' होतंय तोवर तिकडून 'माझ्याकडे!' येतंसुद्धा. बापाला हरवायची संधी सोडायची नाही, हे तिचं लहानपणापासूनचं. मागून बायको ओरडली, की घरातला कचरा कोणाकडे ते आधी ठरवा.

मास्तर शिकवणीला येत नाही. जेवायलाही येत नाही. सिस्टर ताट घेऊन आत जाते.

९ तारीख, रविवार

एक गोष्ट दोन दिवस मनात घोळतेय, लिहूनच टाकतो. तो आवाज थांबत नाही. माणूस दमतो, खाजवतो, शिंकतो, तेव्हा तरी ताल चुकायला हवा. चुकत नाही. मी दाढी करताना फुस्स, कपडे वाळत घालताना फुस्स.

दुपारी सिस्टरने स्टेथो कानाला लावून पुतळ्याची छाती ऐकायला सांगितली. हवा दोन्ही बाजूंना सारखी जाते का, ते ओळखायचं. हवा जात होती. पण तिच्यामागे खोल कुठेतरी ठोकाही होता. अगदी मंद, बॅटरी उतरलेल्या गाडीसारखा, आता बंद पडेल, मग बंद पडेल असा. हल्लीचे पुतळे फार सुधारलेत, असं मी मास्तरला म्हटलं.

निघताना चादर जरा सरकली. पुतळ्याच्या हाताला नखं होती. नुकतीच कापलेली.

सिस्टरला विचारलं. तिने चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, की आमचे हे आहेत. कोणी पुतळा म्हटलेलं ह्यांना आवडत नाही.

नवरा! घरात असा पेशंट, आणि बाई परक्या माणसांकडून सराव करून घेते. हॉस्पिटलात का नाही ठेवत, हे विचारायला तोंड उघडलं, तर ती डोळे पुसत होती. मला बायका रडल्या की काही सुचत नाही. उद्या-परवा दुसरी खोली बघतो. लेकीला इथं आणायचं नाही.

११ तारीख, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नये.

सामान बांधून खाली आलो. मास्तरला रामराम करावा म्हणून आत डोकावलो. तो घामाने भिजला होता. म्हणाला, हात पार अवघडलाय, जरा धरता का? माणुसकी म्हणून बॅग खाली ठेवली, शेजारी बसलो, फुग्याला हात लावला. त्याने विचारलं, पेशंट कोणाकडे?

चहाच्या कपाला देतो तसं उत्तर दिलं. तोंडातून आपोआप गेलं.

मास्तरने हात काढला. हात डोळ्यांसमोर धरून बघत राहिला, जसा काही दुसऱ्या कोणाचा हात आहे. मग रडायलाच लागला. माफ करा, माफ करा, असं म्हणत उठला, भिंतीला धरत गेला. चप्पल इथंच राहिली. पळत गेला तो गल्लीच्या टोकापर्यंत मला ऐकू येत होता.

गंमत पुरे, असं म्हणून मी फुगा सोडला.

छाती भरेना. तोंड उघडं, नाक उघडं, खोलीभर हवा, आणि आत काही येईना. डोळ्यांपुढे अंधार आला तेव्हा हात आपणच फुग्यावर गेला. दाबला. त्यांच्या छातीत हवा गेली आणि तिकडून माझ्यात आली.

पुन्हा सोडून पाहिलं. पुन्हा तेच.

१२ तारीख, बुधवार

झोपेतही हात चालतो. जागा झालो तेव्हा चालूच होता.

सिस्टर घास भरवते. तोंड पुसते. आवाज तोच, गोड. म्हणाली, की आधी मीच द्यायची, कित्येक वर्षं. मग बोटं गेली, तेव्हा ह्यांना पहिल्या विद्यार्थ्याकडे दिलं. त्याने दुसऱ्याला. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नवीन कोणी आलं की द्या. शिकलेलं हवं मात्र, नाहीतर ह्यांना चालत नाही.

मी तिला शिव्या दिल्या. गॅरेजातल्या. तिने माझ्या कपाळावर ओला टॉवेल ठेवला.

१४ तारीख, शुक्रवार

आज खिडकी उघडी होती. ओरडलो. मदत! कोणीतरी या! — खरं सांगतोय, या! —

लाँड्रीवाला हसला. अजून जोरात, म्हणाला, — तुम्ही पहिल्या नंबरात येणार —

एका दमात एवढंच लिहून होतं. रेघ आली की समजायचं, फुगा दाबला —

मोबाइल सिस्टरकडे. लेकीला सांगते, बाबा अभ्यासात बुडालेत. मला ऐकू येतं. लेक विचारते, जेवतात ना वेळेवर —

१५ तारीख, शनिवार

सिस्टरने फोन कानाला लावला. लेक ऐकत नव्हती म्हणे, आवाज ऐकायचाच होता तिला. मी म्हटलं, येऊ नकोस. — परीक्षेलाही येऊ नकोस. — इथं येऊच नको —

चूक झाली. गप्प राहून हसलो असतो तर — परवाच्या परवा आली असती, तोवर काही सुचलं असतं. पोरीने वाक्यं ऐकलीच नाहीत. मधला दम ऐकला. माझाच कान घेतलाय तिने. म्हणाली, बाबा, तुम्हाला धाप लागलीय, — आजच निघते. आई नको म्हणाली तरी —

सिस्टर खाट टाकतेय. वरच्या खोलीत. खाटेचे पाय ओढल्याचा आवाज —

लेकीला सगळं सांगेन, पळ म्हणेन. — पण माझी पोर ती. सांगितलं तर मुद्दाम घेईल. — बापाला सोडवायला घेईलच —

१६ तारीख, रविवार

टॅक्सी. दार आपटलं, मग हळू पुन्हा लावलं — तीच —

सिस्टर बैठकीत. कप वाजला. पेशंट कोणाकडे — विचारलं तिने. लेक हसली. माझ्याकडे, म्हणाली, — आणि बाबा कुठायत —

नाही देणार. कोणालाच नाही. — हे चालू ठेवणारा मी शेवटचा. ह्यांना जाऊ दे. मलाही —

बायकोला सांगा, गाड्या विकू नको. लेक चालवेल —

फुगा ठेवला. उशाशी.

छाती भरत नाही, तरी काही नाही होत. हलकं वाटतंय. हात माझा झाला. उजव्याने लिहितोय बघ, अक्षर सुधारलं

ठोका थांबला त्यांचा. ऐकलं मी

चपला पॅसेजमध्ये. बाबा म्हणतेय. पोरी, मी

थांब

ती आत येईल. बाप पडलेला, श्वास नाही. उशाशी फुगा. काय करेल. मीच पाठ करून घेतलंय फोनवर, फुग्याला हात, मग तोंडाने मोठ्याने, पेशंट माझ्या

फुगा फाडायला हवा होता. हात पोचत नाही. दात

कडी वाज