लोखंडासारखी हो

प्रिय स्तामाती,

आधी एवढं वाच, मग बाकीचं: आई बरी आहे. हे लिहितोय तेव्हा ती अंगणात खुर्चीवर बसली आहे आणि शेजारच्या फोतिनीला रानभाजी कशी निवडायची ते शिकवते आहे. फोतिनी आयुष्यभर तीच भाजी निवडत आली, पण ती ऐकून घेते. सध्या गावात सगळेच तुझ्या आईचं ऐकून घेतात.

आज सकाळी तिच्या हातून कॉफी सांडली. धुतलेल्या टेबलक्लॉथवर, अगदी मधोमध. मी फडकं घ्यायला उठलो तर म्हणाली, राहू दे, काही बिघडलं नाही, शुभ असतं. तू असतास तर नाक मुरडलं असतंस. घरात काही सांडलं, फुटलं, करपलं, की त्यावरचा शब्द तिच्या ओठांवर तयार असतो. बोट चुकलेल्याला, परीक्षेत नापास झालेल्याला, नवरा समुद्रावर गेलेल्या नव्या नवरीला, सगळ्यांना ती असा एखादा शब्द देऊन पाठवते. मारिगोच्या घरून साखरपुड्याची अंगठी परत आली तेव्हा तुलाही तिने तेच दिलं. डोक्यावर हात ठेवून म्हणाली, काही बिघडलं नाही रे बाळा. आणि तू जे बोललास ते या भिंतींना अजून ऐकू येतं: "कॉफी सांडली तरी तेच, माझं आयुष्य सांडलं तरी तेच. दुसरं काही आहे का तुझ्याकडे?" दुसऱ्या आठवड्यात तू जहाजावर गेलास. तेव्हापासून तुझी कार्डं माझ्या नावाने येतात, नावा बांधतो त्या शेडच्या पत्त्यावर. त्यात हवामान असतं, बंदरं असतात. ती नसते. मी त्यावरून काही बोलत नाही. तू दुखावलेला होतास आणि तरुण माणसाला दुखलं की तो हाताशी असेल त्यालाच मारतो.

तर झालं असं. हिवाळ्यात तिला चढ चढवेना. चर्चच्या पायऱ्यांवर मध्येच थांबून ती लोकांशी गप्पा मारायला लागली. मला वाटलं, हिचा स्वभावच तो. पण ती गप्पा मारत नव्हती, श्वास घेत होती. सामोस बेटावरच्या डॉक्टरने अथेन्सला पाठवलं आणि तिथे म्हणाले, हृदयाची झडप गेली आहे, छाती उघडावी लागेल. तुला कळवायचं मी म्हणालो. ती म्हणाली, समुद्रावरच्या माणसाला जमिनीवरची काळजी पाठवायची नाही. तिच्यापुढे माझं कधी चाललंय?

निघायच्या दिवशी धक्क्यावर निम्मं गाव जमलं होतं. जो तो तिला म्हणत होता, हे निघून जाईल, आर्गिरो, बघता बघता जाईल. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. आणि बोटीची शिडी वर घेताना फोतिनीचा तोल सुटला. रडत, हात हलवत ती ओरडली, "सिदेरेन्या, आर्गिरो! लोखंडासारखी हो!"

ते कधी म्हणतात ते तुला माहीत आहे. बाळंतीण उठून बसल्यावर, आजारी माणूस घरी आल्यावर, पार पडल्यावर. तोंडावर संकट उभं असताना नाही. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला, कोणी तीनदा थुंकलं, आणि फोतिनी दोन्ही हातांनी तोंड दाबून अशी उभी राहिली, जणू तिनेच माझी बायको मारली. मीही हादरलो होतो. तेवढ्यात तुझी आई कठड्यावरून वाकली आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं केलंस गं. लोखंड आधीच मागवून ठेवलेलं चांगलं, पिरेयस बंदरातून यायला फार वेळ लागतो." लोक हसले. फोतिनीही हसली, रडता रडता. छाती हिची उघडायची होती आणि धीर ही देत होती.

हे मी इतकी वर्षं बघत आलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. बोट वळली, माणसं लहान झाली, तेव्हा ती खाली बसली. तिच्या तळहातांवर कठड्याचे लाल वळ उठले होते. म्हणजे सगळ्यांना हसवत होती तेव्हाही तिने तो जिवाच्या आकांताने धरून ठेवला होता.

इस्पितळात तिने खोलीतल्या इतर बायकांना सांभाळलं. एकीची मुलगी रोज रडत यायची, तिला ही म्हणायची, मी आहे ना इथे. जशी काही हीच तिथली डॉक्टर. पण ऑपरेशनच्या सकाळी, चाकांची खाट न्यायला आले तेव्हा, तिच्याकडचं सगळं संपलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "तू म्हण काहीतरी. मला काही सुचत नाही." स्तामाती, तुला तुझा बाप माहीत आहे. मी लाकडाशी बोलतो. तोंड उघडलं आणि जे आलं ते शेडमधलं आलं. नवी नाव चरबी लावलेल्या फळ्यांवरून पाण्यात सोडताना आपण माणसांना जे म्हणतो ते.

"सिगा-सिगा, आर्गिरो. हळूहळू. दोर माझ्या हातात आहे."

ती हसली. म्हणाली, मेल्या, मला बुडवतोस की काय. आणि तशीच हसत आत गेली.

मग मी बाहेर बसून राहिलो. तेव्हा तुझं ते बोलणं मनात आलं. तुला तिथेच उत्तर द्यायला हवं असं वाटलं, पण तू कुठल्या समुद्रावर होतास कोण जाणे. म्हणून आता देतो. तू शेडमध्ये वाढलास. लहान होडी सोडताना मी जो दोर धरतो तोच मोठ्या नावेला धरतो. माझ्याकडे दुसरा दोर नाही. पण मोठी नाव ओढते तेव्हा तो तळहाताची सालटं काढतो. त्या दिवशी तुझ्या डोक्यावर हात ठेवून ती जे म्हणाली, त्याने तिची सालटं निघाली नसतील असं समजू नकोस. तू गेल्यावर तिने कितीतरी दिवस तुझी खोली आवरली नाही. फोतिनीला सांगितलं, गुडघे दुखतात.

सर्जन संध्याकाळी बाहेर आला आणि आधी स्वतःच खुर्चीवर टेकला. मग म्हणाला, झालं, छान झालं. घरी आलो तेव्हा फोतिनी धक्क्यावर सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि या वेळी योग्य मुहूर्तावर म्हणाली, सिदेरेन्या. मग सगळं गाव म्हणून गेलं. फादर म्हणाले, बेकरीवाला म्हणाला, कोणाशीच न बोलणारा तो मेणबत्तीवाला ख्रिस्तोदुलोस, तोसुद्धा फाटकापाशी येऊन पुटपुटून गेला. ती प्रत्येकाला मुरंबा खाऊ घालते. मला मात्र खुर्ची रस्त्याकडे वळवायला लावते. टपालवाला वर येताना दिसला की त्याने काही बोलायच्या आत म्हणते, काही बिघडलं नाही रे, पावलो, उद्या. तो बिचारा आता आमच्या फाटकापाशी आला की सायकलवरून उतरून चालत जातो.

मी हे लिहितोय ते तिला माहीत नाही. तुझी कंपनी पत्र रॉटरडॅमला पोचवते असं म्हणतात, म्हणून तिथेच पाठवतो. मी माफी मागायला सांगत नाही, लांबलचक काही लिही असंही नाही. तार कर. पत्ता घरचा घाल, नाव तिचं घाल, आणि पार पडलेल्या माणसाला आपण म्हणतो तो एकच शब्द लिही. गावाने म्हटला, मी म्हटला, पण खुर्ची अजून रस्त्याकडेच आहे. टेबलक्लॉथ मी अजून धुतलेला नाही. डाग तसाच आहे. शुभ असतं, असं ती म्हणाली आहे.

दोर धरून उभा असलेला,
तुझाच,
बाबा