घासलेली चकती

२२ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याची सोय होईल.
पीएच.डी.चं सातवं वर्ष. गाइड संयोगिता मॅडम म्हणाल्या, सहा ऑक्टोबरला टेस्ट, लेप चालला नाही तर रजिस्ट्रेशन बंद. मला मुळीच टेन्शन नाही. पोलादातून हायड्रोजन चाळणीतून गेल्यासारखा निसटतो. त्याचा थोरला भाऊ ड्युटेरियमसुद्धा. माझा केसाहून पातळ लेप दिला की दोघांचीही वाट बंद.

२६ सप्टेंबर
मधे लिहिलं नाही. चिंतन चालू होतं.
लेप दिलेल्या दोन पोलादी चकत्या भट्टीतून काढल्या. काळपट, गंभीर, लय देखण्या. मॅडम म्हणाल्या, आधी एकदा तपासून घे. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कडेगावला घरी. एक चकती सोबत आणली, दुसरी कराडला लॅबमध्ये. घरात कोयते, पाने-पकडी, फावडी पूजेला मांडतात. माझं हत्यार हेच. आईकडे दिलं आणि झोपलो.

दुपारी १२
चकती पाटावर लखलखतेय. आई म्हणाली, लय काळी पडलीवती रं, चिंच आन् राख लावून घासली, तवा कुटं उजळली. हत्यार घासल्याबिगर पुजायचं न्हाई.
हळदकुंकू वाहिलं. परसात जाऊन थोडा रडलो.

दुपारी ४
रडलो कशाला? घासलेली गळणार, लॅबमधली अडवणार. आयती तुलना मिळाली, पेपरच होतो की. सहलेखक म्हणून आईचं नाव घालावं का? नको. आभारात घालू.

६ ऑक्टोबर, दुपारी
आधी घासलेली लावली. गळती मोजणारा मीटर सुसाट. मॅडमना अभिमानाने सगळं सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदा हसल्या.
मग लॅबमधली लावली. आकडा तोच. मीटर बिघडला असणार, म्हटलं. मॅडमनी मीटर बदलला. तोच.
मग त्यांनी रजिस्ट्रेशनची फाइल मागवली.

संध्याकाळी
आईचा फोन. रडवेली होती. म्हणाली, माज्या घासण्यानं तुजं वाटोळं झालं का रं, चार दिस घास गोड लागला न्हाई. सांगितलं, तुझा दोष नाही, न घासलेलीसुद्धा तेवढीच गळते.
मग म्हणाली, बरं झालं बाई, म्हंजी माज्या हातनं कायबी वाया गेलं न्हाई.