लिसी आंटीची भरणी अन् माझं नाक

शुक्रवार, नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज आंटीले 'फेकून द्या' म्हणणारच होती मी.

हुडको कॉलनीतल्या आमच्या शेजारीण लिसी आंटी नाताळसाठी द्राक्षाची वाइन करतात. पण मागच्या आजारपणापासून त्याईले वासच येत नाही. म्हणून पाच दिवस झाले, रोज भरणी मीच हुंगून राहिली. मी पंचशील घेतलेली, चाखणार नाही, हे त्याईले ठाऊक आहे.

आज झाकण काढलं, तर सडक्या अंड्याचा वास! कसं सांगू? अंकल गेल्यावरची ही पहिलीच वाइन. शेवटी सांगितलंच.

"ऊपर झाग है कि रुई?" आंटीनं विचारलं. रुई म्हणजे बुरशी.

"झाग."

"सिरके की बास?"

"नहीं."

त्याईनं लाकडी चमच्यानं खूप वेळ ढवळलं. मी पुन्हा हुंगलं. अंड्याचा वास बराच विरला होता.

"बिगडा नहीं, आंटी."

"कैसा महक रहा है, ठीक से बता." त्या डोळे मिटून बसल्या.

मी सांगत गेली. पिकलेली द्राक्षं, लवंग, थोडा ताज्या पावासारखा वास.

सांगून झालं, तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "फिर से बता."